आकडे परत माझ्याकडे येणार का, हे आधी विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातली एक मुलगी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमाची. घरचे म्हणतात, मामा मडगावला आहे, अनमोड घाट उतरलं की गोवा, वेर्ण्याच्या एखाद्या औषध कंपनीत क्यूसीला लाग आणि मोकळी हो. तिला मात्र नवी औषधं शोधायच्या कामात जायचंय. मेडिसिनल केमिस्ट दिवसभर करतो काय, पीएच.डी. केलीच पाहिजे का, इंग्रजी बोलताना अडखळते ते चालेल का, आणि एआय आल्यावर हे काम राहणार का, असं तिनं विचारलंय.

ताई म्हणून विचारलंस, तर ताई म्हणूनच सांगते. मीही बेळगावची, मराठी शाळेतली. या कामात केस पिकत आले, आणि अजूनही रेणूची रचना दाखवणारा एनएमआर आलेख उघडताना उत्सुकता वाटते.

आधी घरच्यांचं. ते चुकीचं बोलत नाहीत. क्यूसी म्हणजे तयार झालेला माल ठरलेल्या कसोट्यांना उतरतो का ते तपासणं. एचपीएलसीवर शुद्धता, डिसोल्युशनमध्ये गोळी किती विरघळते ते, नोंदी काटेकोर. इज्जतीचं काम आहे, त्यावर घरं उभी राहिलीत. प्रोसेस केमिस्ट्री वेगळी: रेणू ठरलेला असतो, तो किलोनं, टनानं, स्वस्तात आणि सुरक्षितपणे कसा करायचा ते शोधायचं. मेडिसिनल केमिस्टपुढचा प्रश्न त्याच्याही आधीचा असतो. रेणूच ठरलेला नसतो. आजाराशी संबंधित एखादं प्रथिन समोर असतं, त्याला थोडंफार चिकटणारं काहीतरी हाताशी असतं, आणि त्यापासून माणसाच्या पोटात जाऊन, रक्तात टिकून, नेमकं काम करून, अपाय न करता बाहेर पडेल असा रेणू घडवायचा असतो. क्यूसीतून पुढं इकडं वळणं फार कठीण जातं, कारण हात सिंथेसिसचे, म्हणजे रेणू बनवायचे, राहत नाहीत. म्हणून निर्णय आत्ताच घ्यावा लागेल, हे घरी शांतपणे सांग.

हे काम कसं असतं ते आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडावरून सांगते. नरक्या तू ऐकला असशील. घाटातल्या जंगलातलं लहान झाड, वासाला वाईट. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य पहिल्यांदा १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. आपल्या नरक्यातही तेच द्रव्य आहे, हे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. ते मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात काम करत होते.

कॅम्प्टोथेसिन कॅन्सरच्या पेशी मारत होतं, म्हणून १९७० च्या सुमारास माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. अडचण अशी की ते पाण्यात विरघळतच नाही. मग त्याचं सोडियम मीठ करून शिरेतून दिलं. मीठ होतं ते रेणूतलं लॅक्टोन नावाचं अणूंचं वलय उघडून, आणि औषधाची सगळी ताकद त्या बंद वलयात आहे. म्हणजे रक्तात गेलं ते निकामी रूप. लघवी आम्लधर्मी असते, तिथं मूत्राशयात वलय पुन्हा बंद व्हायला लागलं आणि नको त्या जागी औषध जागं झालं. रुग्णांना मूत्राशयात रक्तस्राव झाला. चाचण्या थांबवाव्या लागल्या.

पुढची कितीतरी वर्षं हा रेणू बाजूला पडून होता. १९८५ साली कळलं की तो पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला डीएनएवर अडकवून ठेवतो. तेव्हा पुन्हा सगळे त्याच्याकडे वळले, आणि आता खरं मेडिसिनल केमिस्टचं काम सुरू झालं. लॅक्टोनला हात लावला की काम जातं, हे कळलं होतं. दुसऱ्या टोकाच्या वलयावर मात्र बदल चालत होते. मग त्या टोकाला एक अमाइन जोडला, रेणू पाण्यात विरघळायला लागला, वलय उघडायची गरज उरली नाही. ते टोपोटेकॅन. जपानमध्ये दुसरी युक्ती केली: ताकदवान रेणूला पाण्यात विरघळणारं एक शेपूट लावलं, जे शरीरातली एन्झाइमं कापून टाकतात आणि मग खरं औषध मोकळं होतं. ते इरिनोटेकॅन. अमेरिकेत दोन्हींना १९९६ साली परवानगी मिळाली. अगदी अलीकडं, २०१९ मध्ये मंजूर झालेल्या ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन या कॅन्सरवरच्या औषधात अँटिबॉडीला जे औषध बांधलंय, तेही याच घराण्यातलं.

१९६६ ते १९९६, तीस वर्षं. झाड तेच, सांगाडा तोच. कुठल्या टोकाला हात लावायचा, कुठल्या टोकाला लावायचा नाही, आणि आधीचं अपयश नेमकं कशामुळं आलं, एवढ्यावर पुढचं सगळं ठरलं. आमच्या कामाचा गाभा तोच.

दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी आल्यावर पहिल्यांदा रात्रभर ढवळत ठेवलेल्या रिॲक्शनची टीएलसी, म्हणजे लहान पट्टीवर द्रव्यांचे ठिपके वेगळे करून बघणं. यूव्हीखाली सुरुवातीच्या द्रव्याचा ठिपका गेला का, नवा कुठं आला. मग वर्कअप (रिॲक्शन थांबवून धुणं), रोटाव्हॅपवर सॉल्व्हंट उडवणं, कॉलममधून द्रव्य वेगळं करणं, एलसीएमएसवर शुद्धता आणि रेणूचं वस्तुमान तपासणं. दुपारी एनएमआर. इथं नवी पोरं घाई करतात. सीडीसीएल-थ्री या द्रवात घेतलेल्या आलेखात ४.१२ ला क्वार्टेट (चार फाट्यांचं शिखर), २.०५ ला सिंगलेट (एकच) आणि १.२६ ला ट्रिपलेट (तीन फाट्यांचं) दिसला, तर तो तुझ्या रेणूचा इथाइल गट नाही, कॉलममधलं इथाइल ॲसिटेट उरलंय. परत पंपावर लाव, वाळव, पुन्हा वजन कर. पाच-दहा मिलिग्रॅमच पाठवायचे असतात, त्यात दहा टक्के सॉल्व्हंट गेलं तर जीवशास्त्रवाल्यांचा आकडा चुकतो आणि त्या आकड्यावर पुढचा निर्णयही चुकतो. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी आधी वाळवायला शिकवते, रिॲक्शन नंतर.

चाचणीचे निकाल आठवड्याभरात येतात आणि खरी मजा तिथं असते. समज, एक रेणू १० नॅनोमोलरला, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणात, एन्झाइम अडवतो. झकास. यकृताच्या मायक्रोसोममध्ये (औषधं मोडणारी एन्झाइमं असलेल्या पेशीच्या तुकड्यांत) घातला तर काही मिनिटांत संपला. कुठं तुटतोय ते बघितलं, तर फिनाइल वलयाच्या पॅरा जागेवर ऑक्सिजन बसतोय. तिथं फ्लोरीन लावला. टिकाऊपणा वाढला, पण विद्राव्यता होती तेवढीच वाईट. मग फिनाइलच्या जागी पिरिडीन आणला. आता पाण्यात विरघळतो, पण पिरिडीनचा नायट्रोजन यकृतातल्या सायटोक्रोम या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमच्या लोहाला जाऊन चिकटतो आणि रुग्णाची दुसरी औषधं शरीरात साचायची भीती. त्या नायट्रोजनच्या शेजारी मिथाइल बसवून त्याची वाट अडवली, तर आता ऑक्सिजन त्या मिथाइलवर. पांघरूण तोकडं असावं तसं आहे हे, डोकं झाकावं तर पाय उघडे. एका उमेदवार रेणूपर्यंत पोचायला शेकडो, कधी हजारांवर रेणू बनवावे लागतात ते यामुळं. आणि माणसांवरच्या चाचण्यांत गेलेल्या साधारण दहांपैकी एकच शेवटी बाजारात येतो. शोधापासून औषधाच्या दुकानापर्यंत दहा-पंधरा वर्षं जातात. आयुष्यभर काम करून एकही औषध बाजारात न आलेले उत्तम केमिस्ट मी पाहिलेत, आणि ते वाया गेले असं मी कधीच म्हणणार नाही. बंद पडलेल्या प्रकल्पातून काय शिकलो ते नीट लिहून ठेवणारी माणसं या धंद्यात फार मोलाची आहेत.

अपयश वाचता येणं म्हणजे काय, त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण तुमच्या घरच्या औषधाच्या डब्यात असेल. ॲलर्जीवरचं फेक्सोफेनाडीन. त्याआधी टर्फेनाडीन होतं, झोप न आणणारं म्हणून खूप खपलेलं. पण ज्यांनी ते एरिथ्रोमायसिन किंवा कीटोकोनाझोलबरोबर घेतलं, त्यांतल्या काहींच्या हृदयाची लय बिघडली, मृत्यूही झाले. शोध घेतल्यावर कळलं की एरवी टर्फेनाडीन यकृतात शिरलं की बहुतेक सगळं लगेच बदलून जातं: त्याच्या टर्शरी ब्युटाइल गटातल्या एका मिथाइलचं कार्बॉक्झिलिक आम्ल होतं. ॲलर्जीवर काम करत होतं ते हे बदललेलं रूप. दुसऱ्या औषधानं यकृतातलं एन्झाइम अडवलं की मूळ टर्फेनाडीन रक्तात साचायचं आणि हृदयातली एचईआरजी नावाची पोटॅशियम वाहिनी बंद करायचं. आम्लवालं रूप त्या वाहिनीला धक्का लावत नाही. मग तेच औषध म्हणून का देऊ नये? दिलं. १९९६ मध्ये फेक्सोफेनाडीन अमेरिकेत मंजूर झालं, १९९८ मध्ये टर्फेनाडीन तिथून काढून घेतलं गेलं. आज प्रत्येक प्रकल्पात अगदी सुरुवातीलाच एचईआरजी तपासतात, त्यामागं ही माणसं गेलेली आहेत हे विसरू नको.

आता तुला खरं सांगायचं आहे ते इथं.

आपल्या देशात सिंथेटिक केमिस्टच्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी संशोधनात आहेत. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर मिळायचं. त्यामुळं वेगळ्या वाटेनं तोच रेणू करण्यात आपले लोक तरबेज झाले. २००५ मध्ये कायदा बदलला, रेणूवर पेटंट आलं. त्याच काळात परदेशी कंपन्यांनी इथल्या केमिस्टचे हात भाड्यानं घ्यायला सुरुवात केली आणि बंगळूर, हैदराबाद, पुण्यात मोठमोठ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्यांत कामाचे दोन प्रकार असतात. एकात ग्राहक रेणूची यादी पाठवतो, तू बनवतेस, कोड नंबर टाकून पाठवून देतेस. टार्गेट काय, म्हणजे कुठलं प्रथिन, आजार कुठला, रेणूनं काम केलं की नाही, काही कळत नाही. दुसऱ्यात जीवशास्त्र, डीएमपीके (शरीर औषधाचं काय करतं ते बघणारे) आणि केमिस्ट्री एकाच छपराखाली असतात, दर आठवड्याला सगळे एका टेबलाशी बसतात, तुझ्या रेणूचा आकडा तुझ्यासमोर येतो आणि पुढचा रेणू कुठला, हे तुला विचारलं जातं.

बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखपत्रावर हुद्दाही तोच असतो. पण पहिल्या प्रकारात दहा वर्षं काढलेला माणूस उत्तम सिंथेटिक केमिस्ट होतो, मेडिसिनल केमिस्ट होत नाही. ज्याच्याकडे आकडे परत येत नाहीत, त्याला निवड करायला शिकायची संधीच मिळत नाही. माझी पहिली नोकरी तशीच होती आणि तिथं माझे हात तयार झाले, त्याबद्दल तक्रार नाही. हवा आणि ओल टाळून काम करणं, उणे ७८ अंशांवर ब्युटाइल लिथियम घालणं, सुझुकी (दोन कार्बन जोडणारी रिॲक्शन) अडली तर बेस बदलायचा की लिगँड, हे सगळं तिथलं. दोन-तीन वर्षं तिथं काढायला हरकत नाही. त्याच्यापुढं राहिलीस तर पाय रुततात. पगार वाढत जातो, मग हलवत नाही.

स्वतःचे रेणू शोधणाऱ्या भारतीय जागाही आहेत, कमी असल्या तरी. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेचं सेंटक्रोमन हे गर्भनिरोधक 'सहेली' नावानं १९९१ पासून मिळतंय, संपूर्ण इथं घडलेलं. झायडसचं मधुमेहींच्या रक्तातल्या चरबीवरचं सॅरोग्लिटाझार २०१३ मध्ये मंजूर झालं. वोक्हार्टचं लेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक २०२० मध्ये आलं.

पीएच.डी.बद्दल माझं मत स्पष्ट आहे: रेणू ठरवणाऱ्यांत बसायचं असेल तर कर. एम.एस्सी.वर नोकरी मिळते, चांगली मिळते, पण एका पायरीच्या वर दार जड होतं. अपवाद आहेत, पण अपवादावर बेत आखू नये. सीएसआयआर-नेट ही संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा वर्षातून दोनदा असते. जेआरएफ, म्हणजे ती शिष्यवृत्ती, मिळाली की २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. घरी हा आकडा सांग, 'अजून किती शिकणार' हा प्रश्न बराच मऊ होईल. गेट आणि संस्थांच्या स्वतःच्या परीक्षाही दे. पुण्याचं एनसीएल, हैदराबादचं आयआयसीटी, आयसर, नायपर, या संशोधन संस्थांत जिथं मिळेल तिथं मार्गदर्शक बघून जा, पाटी बघून नको. त्यांचे जुने विद्यार्थी आता कुठं आहेत आणि किती वर्षांत सुटले, हे त्यांच्याच विद्यार्थ्यांना चहाला गाठून विचार.

विषय सिंथेसिसचा घे: नवी पद्धत किंवा एखाद्या अवघड नैसर्गिक द्रव्याचं टोटल सिंथेसिस, म्हणजे साध्या द्रव्यांपासून ते पूर्ण घडवणं. मोठ्या कंपन्या घट्ट सिंथेटिक पाया असलेली माणसं घेऊन त्यांना औषधांचं शास्त्र नंतर शिकवतात. याच्या उलट, तीस-चाळीस थायझोल जातीचे रेणू बनवायचे, ताटलीत बॅक्टेरियावर टाकून भोवतालचं वर्तुळ मोजायचं आणि 'प्रभावी औषधी गुणधर्म' असं शीर्षक द्यायचं, असे प्रबंध आपल्याकडं अजून निघतात. त्यांत अडकू नको. ऱ्होडानीनसारखे काही सांगाडे जवळजवळ प्रत्येक चाचणीत काहीतरी केल्याचं भासवतात. हळदीतलं कर्क्युमिनही तसंच: उदासीन पाण्यात टिकत नाही, पोटातून रक्तात नीट जात नाही, चाचण्यांत मात्र सगळीकडं चमकतं. आपण सांगलीच्या हळदीवर वाढलेली माणसं, हे ऐकायला आवडत नाही, पण शास्त्र तसं आहे. झाडांमध्ये तुला रस असेल तर बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे. तिथं एखाद्या व्याख्यानाला जाऊन बस. अर्क आणि शुद्ध रेणू यांत किती अंतर असतं ते समजेल.

इंग्रजी. वाचायला आणि लिहायला पक्कं हवं, कारण लॅब नोटबुक, पेटंट, अहवाल सगळं त्यातच. बोलण्याचं दडपण घेऊ नको. माझ्या टेबलावर तेलुगू, बंगाली, तमिळ, कानडी सगळी माणसं बसतात आणि प्रत्येकाचं इंग्रजी आपापल्या गावचं असतं. सभेत मानाची गोष्ट म्हणजे रिॲक्शन कशी घडते ते फळ्यावर बाण काढून दाखवता येणं. ते येत असेल तर दोन वाक्यं अडखळली म्हणून कुणी थांबवत नाही. आणि सीमाभागात वाढल्यामुळं तुला कानडी येतं, ते बंगळूरला फार कामाला येतं. स्टोअरमधल्या अण्णांशी नीट बोलणारीचं रसायन आधी येतं, हे मी रोज बघते.

एक गोष्ट घरचे विचारणार नाहीत, पण तुला माहीत हवी. हे काम सॉल्व्हंटचं आहे. फ्यूम हूडची काच खाली ओढूनच काम कर, घाई कितीही असो. सोडियम हायड्राइड डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये मोठ्या प्रमाणात गरम करू नको, सोडियम अझाइड आणि डायक्लोरोमिथेन एकत्र येऊ देऊ नको. या दोन्हीतून स्फोट झालेत. पुढं दिवस राहिले तर कळल्या दिवशीच वरिष्ठांना सांग आणि बेंचवरून डिझाइनच्या, वाचनाच्या कामावर बदली मागून घे. लाजून गप्प राहिलेल्या मुली मी पाहिल्यात. ते मागणं तुझा हक्क आहे, उपकार नव्हेत.

एआयचं थोडक्यात. प्रथिनांचे आकार सांगणाऱ्या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला वाटा मिळाला, तेव्हा हे खेळणं नव्हे. आम्ही रोज वापरतो. संगणक एका दुपारी हजारो रेणू सुचवतो. त्यांतले निम्मे बनवायला सहा महिने लागतील आणि त्यांतले पाच उद्या सुरू करता येतील, हे ओळखणारी व्यक्ती अजून लागते. रेणू बनवून मोजल्याशिवाय कुणालाच, संगणकालाही, पुढचं कळत नाही. ज्याला फक्त यादीप्रमाणे बनवता येतं त्याची काळजी मला वाटते. आकडा बघून पुढचं ठरवणाऱ्याची तेवढी वाटत नाही.

मुलाखतीला जाशील तेव्हा तुझ्या प्रबंधातली एकच रिॲक्शन अशी तयार करून जा की हा बेस का, हे तापमान का, उरलेले तीस टक्के कुठं गेले, हे सगळं सांगता आलं पाहिजे. नामांकित रिॲक्शनांची यादी पाठ करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. आणि शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय का. तेव्हा पगाराआधी हे विचार: मी बनवलेल्या रेणूंचे चाचणीचे आकडे मला दाखवले जातात का, आणि प्रकल्पाच्या बैठकीला केमिस्टपैकी कोण-कोण बसतं. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, तेही लक्षात ठेव.